अभिवचन

(ट्रस्टच्या सुवर्ण महोत्सवानिमित्त केम येथे आयोजित केलेल्या व्याख्यानमालेतील भाषणाचे शब्दांकन)



संयोजकांनी मला ‘व्यापार आणि सचोटी’ या विषयावर बोलण्याची आज्ञा केली होती. चाळीस वर्षे कापडाच्या गादीवर बसलेल्या आणि वाणिज्य शाखेची पदवी घेतलेल्या माणसाने त्या विषयावर तासभर बोलावे, ही अपेक्षा योग्यच होती. परंतु मी त्यांना विनंती केली की, मला एका कैद्याविषयी बोलू द्यावे. त्यांनी क्षणभर माझ्याकडे पाहिले आणि मोठ्या मनाने होकार दिला, याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे. सुवर्ण महोत्सव म्हणजे हिशेबाची वही उघडण्याची वेळ. माझ्या वहीत एक नोंद वीस वर्षांपासून अपुरी राहिली आहे. ती आज आपणा सर्वांसमक्ष पुरी करावी, एवढाच या भाषणाचा हेतू आहे.

ज्याच्याविषयी मी बोलणार आहे, त्याचे नाव सांगणार नाही. तशी त्याची इच्छा आहे. जुन्या मंडळींना तो ओळखू येईल. त्यांनीही ते नाव मनातच ठेवावे, ही प्रार्थना.

आमच्या दुकानाच्या ओट्यावर एक शिलाई मशीन असे. माझ्या वडिलांनी, म्हणजे बापूजींनी, त्या मशीनवर एका होतकरू तरुणाला बसविले होते. आमच्याकडे कापड घ्यावे आणि ओट्यावरच माप द्यावे, अशी ग्राहकांची सोय होती. मुलगा हाताचा स्वच्छ होता. कापडातून चिंधीसुद्धा बाजूला काढत नसे. त्याची आई गावातील कुंकवाच्या कारखान्यात कामाला जात असे. आपले केम कुंकवासाठी साऱ्या महाराष्ट्रात ओळखले जाते, हे मी आपणास सांगावयास नको. संध्याकाळी घरी जाताना ती मुलाला हाक मारण्यासाठी ओट्यापाशी थांबे, तेव्हा तिचे दोन्ही तळहात लाल असत.

सन 1999 मध्ये त्यांच्या भाऊबंदकीत शेताच्या बांधावरून वाद झाला. वाद हातघाईवर आला आणि त्याच्या हातून चुलतभावाचा जीव गेला. मी येथे त्याची बाजू मांडावयास उभा नाही. एक माणूस मेला, त्याची बायको विधवा झाली, दोन लहान मुले पोरकी झाली. ज्या गावातून घरोघरी कुंकू जाते, त्या गावातील एका कपाळाचे कुंकू पुसले गेले. सन 2001 मध्ये सत्र न्यायालयाने त्याला जन्मठेपेची शिक्षा दिली. पुढे अपिलातही ती कायम राहिली. न्यायालयाचा निकाल योग्य होता, असे मी तेव्हाही मानत होतो आणि आजही मानतो.

मशीन ओट्यावरून उचलले गेले. आम्ही दुसरा शिंपी बसविला. खरे सांगायचे तर मी त्याला विसरलो.

आपल्यापैकी बहुतेकांना जन्मठेप म्हणजे काय हे नीट ठाऊक नसते. मलाही नव्हते. ‘चौदा वर्षांनी सुटतो’ असे आपण सहज बोलून जातो. कायदा तसे म्हणत नाही. सर्वोच्च न्यायालयाने 1961 साली महाराष्ट्रातीलच एका प्रकरणात स्पष्ट केले की, जन्मठेप म्हणजे आयुष्याच्या शेवटापर्यंतची शिक्षा. शासनाने माफी दिली तरच सुटका. ज्या गुन्ह्याला फाशीचीही तरतूद आहे अशा गुन्ह्यातील जन्मठेपेच्या कैद्याला प्रत्यक्ष चौदा वर्षे भोगल्याखेरीज सोडता येणार नाही, अशी अट 1978 साली फौजदारी प्रक्रिया संहितेत घातली गेली. जुनी संहिता जाऊन 1 जुलै 2024 पासून नवी संहिता आली, त्यातही ही अट आहे. म्हणजे चौदा वर्षे ही सुटकेची तारीख नसून, त्याआधी सुटकेचा विचारच होऊ शकत नाही, अशी ती मर्यादा आहे. पुढे किती वर्षे, हे गुन्ह्याचे स्वरूप, कैद्याची वर्तणूक आणि शासनाचे धोरण यांवर ठरते.

या लांबलचक काळात घराशी धागा टिकावा म्हणून दोन प्रकारच्या रजा आहेत. आपल्याकडे त्यासाठी 1959 चे नियम झाले आणि त्यांत वेळोवेळी दुरुस्त्या होत गेल्या. एक फर्लो, जिला सरकारी मराठीत ‘संचित रजा’ म्हणतात. दुसरी पॅरोल, म्हणजे ‘अभिवचन रजा’. फर्लो ही चांगल्या वर्तणुकीबद्दल, ठरावीक शिक्षा भोगल्यावर मिळते. त्या वेळच्या नियमानुसार पाच वर्षांहून अधिक शिक्षेच्या कैद्याला दर दोन वर्षांच्या प्रत्यक्ष कारावासानंतर दोन आठवडे, आणि जन्मठेपेच्या कैद्याला सात वर्षे भोगून झाल्यावर दर वर्षी. पॅरोल ही घरात गंभीर आजार, मृत्यू असे काही संकट आले तर. मी हिशेबाचा माणूस म्हणून दोन्हींतील फरक असा लक्षात ठेवला आहे : फर्लोचे दिवस शिक्षेच्या खात्यात जमा धरले जातात, पॅरोलचे दिवस नावे पडतात, ते नंतर भोगावे लागतात. आईच्या आजारपणासाठी कैदी जे दिवस बाहेर काढतो, ते तो पुढे आत राहून फेडतो.

आणि या दोन्ही रजा मागून लगेच मिळत नाहीत. फर्लो हा कैद्याचा कायदेशीर हक्क मानू नये, असे नियमातच लिहिलेले आहे. अर्ज कारागृहातून निघतो, पोलिसांकडे चौकशीला येतो. घरी त्याला ठेवून घेणारे कोणी आहे काय, फिर्यादी पक्षाचे म्हणणे काय, गावात शांतता राहील काय, याचा अहवाल जातो. आणि एक जामीनदार लागतो. ‘हा माणूस ठरल्या दिवशी परत हजर होईल’, असे लिहून देणारा.

येथून माझी गोष्ट सुरू होते.

सन 2003 मध्ये त्याने पहिल्यांदा फर्लोचा अर्ज केला. त्याची आई दुकानात आली. पायरीवरच उभी राहिली, आत आली नाही. म्हणाली, “शेट, तुमी सही केली तर पोरगं चौदा दिस घरी येतंय. आमच्याकडं कोन हाय दुसरं? तुमचं नाव हाय गावात.” मी विचारले, “मावशी, तो परत गेला नाही तर?” ती म्हणाली, “जाईल की. माझा शबूद.” मी हसलो नाही, परंतु मनात म्हणालो, तुझ्या शब्दावर मी माझी अब्रू कशी लावू? तिला सांगितले, घरात विचारून कळवितो. कळविले नाही. ती दोनदा आली. दुसऱ्या वेळी मी गोदामात आहे असे नोकराकडून सांगविले. मी गल्ल्यावरच, पडद्याआड बसलो होतो. जामीनदार न मिळाल्याने आणि फिर्यादी पक्षाचा विरोध असल्याने तो अर्ज नामंजूर झाला.

विरोध करणाऱ्यांचे काहीच चुकले नव्हते. त्यांचा माणूस गेला होता. चूक झाली ती माझी. मला ‘नाही’ म्हणण्याचाही अधिकार होता. पण मी ‘नाही’ही म्हणालो नाही. उधारी मागणारा दारात आला की लपणारा माणूस आपण व्यापारी किती हलका समजतो! मी तेच केले.

सन 2005 मध्ये त्याची आई अंथरुणाला खिळली. डॉक्टरांचा दाखला घेऊन त्याने पॅरोलचा अर्ज केला. या वेळी त्याची पत्नी आली. तिने सांगितले की, सासूबाई फार दिवस काढतील असे वाटत नाही, मुलाचे नाव घेतात. ठाण्यात येऊन जबाब आणि सही एवढेच काम आहे. मला खरोखर वाईट वाटले. मी सही करण्याचे कबूल केले. परंतु दुसऱ्या दिवसापासून पर्युषण सुरू होत होते. त्या पवित्र दिवसांत पोलीस ठाण्याची पायरी चढावी, खुनाच्या कागदावर सही करावी, हे माझ्या मनाला पटेना. मी तिला म्हणालो, “पर्व होऊ दे, मग लगेच येतो.” ती काही बोलली नाही. मान हलवून गेली.

पर्व झाले. मी उपवास केले, प्रतिक्रमण केले, क्षमापना केली. त्या वर्षी तर मी क्षमापनेची छापील पत्रे पुण्या-मुंबईच्या पेढ्यांना पाठविली होती, ज्यांच्याशी वर्षभरात माझे एक अवाक्षर झाले नव्हते! त्यानंतर ठाण्यात जाऊन सही केली. तिने सांगितल्यापासून दहा दिवसांनी.

कागद आपल्या गतीने फिरले. रजा मंजूर झाली. तो केम स्टेशनवर उतरला तेव्हा त्याच्या आईला जाऊन चार दिवस झाले होते.

बंधूंनो, चार दिवस उशीर झाला आणि माझे दिवस दहा होते. हा वजाबाकीचा हिशेब मी कितीतरी रात्री केला आहे. इतरांनी मला समजाविले की, तुम्ही आधी सही केली असती तरी कागद आणखी कोठे अडला असता. असेलही. इतरांचे दिवस इतरांच्या खात्यावर. हे दहा दिवस माझ्या खात्यावर आहेत, ते दुसऱ्या कोणाच्या नावे टाकता येत नाहीत.

मी त्याच्या घरी भेटीस गेलो. तो उठून उभा राहिला, हात जोडले आणि म्हणाला, “भाऊ, तुमच्या सहीमुळं मला तिचं दहावं तरी घालता येईल.” एखाद्याने शिव्या दिल्या असत्या तर बरे वाटले असते. मी मान खाली घालून परत आलो.

पुढच्या वेळी जामीन राहण्यापूर्वी मी एक काम केले, जे आधीच करावयास हवे होते. मेलेल्या माणसाच्या विधवेकडे गेलो. ती वरच्या आळीत राहत असे, मुलांना शिकवीत होती. मी सांगितले की, मी त्याला जामीन राहणार आहे. तुझ्या मनात काय आहे ते ऐकावयास आलो आहे. बराच वेळ ती गप्प होती. मग म्हणाली, “तुमी ऱ्हावा नाय तर नका ऱ्हाऊ. माज्या माणसाला कुनी रजा देतंय का? पन त्यो माज्या दारावरनं जायाचा न्हाय, एवढं बगा.” मी म्हणालो, “जाणार नाही. माझा शब्द.” तो शब्द उच्चारताना मला त्याची आई आठवली. तिचा शब्द मी घेतला नव्हता. माझा मात्र या बाईने घेतला.

त्यानंतर मी अनेक वेळा जामीन राहिलो. अटी कडक असत. ठरवून दिलेल्या पत्त्यावरच राहावयाचे, पोलीस ठाण्यात हजेरी द्यावयाची, आणि ठरल्या दिवशी कारागृहाच्या दारात हजर व्हावयाचे. उशीर झाला तर माफीचे दिवस कापले जातात, नवा गुन्हा दाखल होतो, जामीनदाराची रक्कम जप्त होऊ शकते, आणि पुढच्या रजेचे दार बंद होते. तो एकदाही चुकला नाही. शेवटच्या दिवशी पहाटेच स्नान करून तयार होई आणि दुपारची गाडी असली तरी सकाळपासून स्टेशनवर जाऊन बसे. एकदा मी त्याला पोहोचवावयास बरोबर गेलो. दरवाजा दिसू लागला तसा त्याचा चेहरा बदलत गेला. मला म्हणाला, “भाऊ, तुम्ही इथनं माघारी जावा. पाठमोरं बघितलं की मला आत जाणं जड जातं.”

या प्रवासांत तो थोडे थोडे बोलू लागला. तुरुंगात मारझोड होते काय, जेवण कसे असते, असे प्रश्न लोक त्याला विचारीत. तो सांगे की, त्या गोष्टींची शरीराला सवय होते. सवय होत नाही ती दुसऱ्याच गोष्टीची. संध्याकाळी बराक बंद होते आणि सकाळी उघडते. मधली रात्र बारा-तेरा तासांची असते, आणि त्या रात्रीत माणूस आपल्या गुन्ह्याबरोबर एकटा असतो. आरंभीची वर्षे तो मनात म्हणत असे, ‘त्याने आधी हात उचलला’. पाच-सहा वर्षांनी एका रात्री त्याला स्वतःलाच ते वाक्य खोटे वाटू लागले. ती रात्र सर्वांत वाईट होती, असे तो म्हणाला.

घरी आल्यावर त्याची वेगळीच पंचाईत होई. रात्री तो दाराला आतून कडी लावत नसे. कोणीतरी बाहेरून लावील म्हणून वाट पाहत पडून राही. शौचाला जाताना बायकोला विचारून जाई. पहाटे गिनतीच्या वेळी उठून उभा राही. त्याची मुलगी पहिल्या भेटीत त्याच्याजवळ आलीच नाही. दाराआडून पाहत राहिली. दुकानात येऊन त्याने मला पॉपलीनचा भाव विचारला आणि ऐकून चकित झाला. त्याच्या मनात सगळे भाव 1999 सालचे होते. मी तेव्हा हसलो. नंतर जाणवले की, केवळ कापडाचेच नव्हे, तर नात्यांचे, माणसांच्या वयाचे, गावाच्या रस्त्यांचे, सगळेच भाव त्याच्यासाठी त्या वर्षी गोठले होते.

आत त्याला हातमागावर काम मिळाले होते. कारागृहात कैद्यांकडून कापड, सतरंज्या विणून घेतात, हे आपणापैकी कापड व्यवसायातील मंडळींना ठाऊक असेल. तो शिंप्याचा विणकर झाला. मला सांगे, “भाऊ, शिवताना कापड तयार असतं. विणताना कळतं की एक धागा सुटला तर पुढं किती उसवतं.”

एका वर्षी त्याची फर्लो जूनमध्ये आली. शाळेच्या गणवेशांचा हंगाम होता. मी ओट्यावर मशीन मांडून दिले. चौदा दिवस तो मान वर न करता शिवत होता. जी मजुरी झाली ती सगळी त्याने पत्नीच्या हातात ठेवली. परंतु दोन ग्राहकांनी, कोणी शिवले हे कळताच, तयार गणवेश परत आणून दिले. आपल्याच समाजातील एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी मला बाजूला घेऊन विचारले, “अहिंसेला मानणाऱ्याच्या ओट्यावर हा माणूस शोभतो का?” त्यांचा प्रश्न मी मनात ठेवला. आज त्याचे उत्तर देण्याचा प्रयत्न करतो.

आपल्या सोलापूर जिल्ह्यातील मोतीचंद शहा हा जैन तरुण शिक्षणासाठी जयपूरला अर्जुनलाल सेठींच्या विद्यालयात गेला, क्रांतिकार्यात ओढला गेला आणि निमेजच्या महंताच्या खुनाच्या प्रकरणात 1915 साली फाशी गेला. आपण त्याला हुतात्मा म्हणतो आणि ते योग्यच आहे. त्याचा हेतू देशाचा होता. त्याचे गुरू अर्जुनलाल सेठी यांना तर खटला न चालविता वर्षानुवर्षे बंदीत ठेवले होते. मद्रासकडील वेल्लोरच्या तुरुंगात जिनदर्शन मिळत नाही म्हणून त्यांनी अन्न सोडले होते. 1920 साली ते सुटले. बांधाच्या भांडणात जीव घेणारा शिंपी आणि हे दोघे यांची तुलना मी करीत नाही. तशी करणे हा त्यांचा अपमान होईल. मी एवढेच म्हणतो की, तुरुंगाची भिंत आपल्या समाजाला परकी नाही. आपल्याही घरची माणसे तिच्याआड होती, त्यांच्याही आया वाट पाहत होत्या, आणि त्या काळी त्यांच्या घराशी बोलावयासही लोक घाबरत होते.

दुसरे उदाहरण आपल्या शेजारचेच आहे. आटपाडीजवळचे स्वतंत्रपूर आपणापैकी काहींनी पाहिले असेल. औंध संस्थानचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी 1939 मध्ये, मॉरिस फ्रीडमन या पोलिश अभियंत्याच्या कल्पनेतून, तेथे भिंती नसलेला तुरुंग सुरू केला. खुनाच्या गुन्ह्यातील कैद्यांना शेती दिली, कुटुंबासह राहावयास दिले. पहारा होता तो विश्वासाचा. याच प्रयोगावरून ग. दि. माडगूळकरांनी कथा लिहिली आणि व्ही. शांताराम यांनी 1957 मध्ये ‘दो आंखे बारह हाथ’ हा चित्रपट काढला. तो चित्रपट आपण सर्वांनी डोळे पुसत पाहिला. पडद्यावरच्या सहा खुन्यांसाठी आपले डोळे भरून येतात. ओट्यावरच्या एका माणसाने शिवलेला गणवेश मात्र आपण परत करतो. हे मी इतरांना म्हणत नाही. पडद्याआड लपणारा मी होतो.

विश्वास ठेवल्याने सर्वच कैदी परत येतात, असा माझा दावा नाही. रजेवर जाऊन फरार झालेले आहेत, रजेत पुन्हा गुन्हा केलेलेही आहेत. म्हणून चौकशी हवी, अटी हव्यात, आणि ज्यांचा माणूस गेला त्यांचे म्हणणे सर्वांत आधी ऐकले पाहिजे. परंतु ज्याने शब्द पाळला त्याची नोंदही कोठेतरी झाली पाहिजे. करोनाच्या साथीत, 2020 च्या मे महिन्यात, राज्य शासनाने नियमांत दुरुस्ती करून आकस्मिक पॅरोल दिला, तेव्हा सात वर्षांहून अधिक शिक्षेच्या कैद्यांसाठी एक अट घातली होती : मागील दोन रजांवरून जो वेळेवर परतला असेल, त्याचाच विचार होईल. वर्तमानपत्रात ती बातमी वाचून मला वाटले, हे तर आपल्या पेढीचेच धोरण आहे. मागची दोन बिले ज्याने मुदतीत भरली, त्याला माल उधार.

‘अभिवचन रजा’ हा सरकारी शब्द मला फार अर्थपूर्ण वाटतो. वचनावर मिळालेली रजा. आपला सारा व्यापार अभिवचनावर उभा आहे. इचलकरंजीचा किंवा सोलापूरचा व्यापारी माझा चेहरा न पाहता फोनवरच्या शब्दावर गाठी पाठवितो. लाखाचा माल मी शब्दावर घेतो आणि शब्दावर देतो. मग एका आईने दिलेला शब्द मला कमी किमतीचा का वाटला? कारण तिच्या शब्दामागे मालमत्ता नव्हती. ‘व्यापार आणि सचोटी’ हा मूळ विषय, बंधूंनो, मी सोडलेला नाही.

सन 2016 मध्ये, प्रत्यक्ष शिक्षा आणि माफीचे दिवस यांचा हिशेब होऊन, शासनाच्या आदेशाने त्याची सुटका झाली. तो मला भेटावयास आला तो दुकानात नव्हे. रेल्वे स्टेशनवर थांबून त्याने निरोप धाडला. म्हणाला, “भाऊ, मी केममध्ये राहणार नाही. चौदा दिवस दार चुकवता येतं. जन्मभर कसं चुकवायचं? तिला रोज मी दिसायला नको.” त्याने दुसऱ्या गावी बिऱ्हाड केले. मी दिलेला शब्द त्याने स्वतःचा मानला होता.

त्या वर्षीच्या पर्युषणानंतर, क्षमापनेच्या दिवशी, मी त्याच्या गावी गेलो. छापील पत्र नेले नाही. दहा दिवसांची हकीकत सांगितली. ठाण्याची पायरी विटाळू नये म्हणून मी थांबलो आणि तुझी आई गेली, हे सगळे सांगितले. त्याने मशीनचे चाक हाताने थांबविले. म्हणाला, “मला ठाऊक होतं, भाऊ. बायकोनं तेव्हाच मुलाखतीत सांगितलं होतं.” मी विचारले, “मग अकरा वर्षांत एकदाही बोलला नाहीस?” तो म्हणाला, “तुम्ही सही केली, ते धरलं. बाकीचं सोडलं. आत सगळेच दिवस मोजायला लागलं तर माणूस जगत नाही.”

आणि थोड्या वेळाने, मशीनकडेच पाहत, म्हणाला, “मला कुठं कुणी माफ केलंय अजून? वरच्या आळीत जाऊन मागायची माझी हिंमत नाही. मी तुम्हाला काय माफ करू?”

मला हे उत्तर पुरले नाही, आणि पुरावे असेही मला वाटत नाही. विधवा बाईंनी त्याला क्षमा केली काय, हे मला माहीत नाही. मी विचारले नाही. तो त्यांचा अधिकार आहे, तेथे कोणी शिफारस करू नये. त्यांची दोन्ही मुले शिकून नोकरीस लागली, एवढे मी आनंदाने सांगू शकतो.

आता शेवटची विनंती. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या 2022 च्या आकडेवारीनुसार देशातील कारागृहांत पाच लाख त्र्याहत्तर हजारांवर माणसे होती आणि त्यांतील सुमारे 76 टक्के न्यायाधीन, म्हणजे ज्यांचा निकालही लागलेला नाही अशी होती. जामिनाची किंवा दंडाची रक्कम भरू न शकणाऱ्या गरीब कैद्यांसाठी केंद्र शासनाने 2023 मध्ये आर्थिक साहाय्याची योजना आणली आहे. ती चांगलीच आहे. परंतु रक्कम शासन भरू शकते. ‘हा माणूस परत येईल, मी त्याला ओळखतो’ असे सांगणारा माणूस शासन कोठून आणणार? तो गावातूनच यावा लागतो.

मी ट्रस्टकडे निधी मागत नाही, ठरावही मागत नाही. आपणापैकी प्रत्येकाने जामीन राहिलेच पाहिजे, असेही म्हणत नाही. विचार करून ‘नाही’ म्हणणे हेही प्रामाणिक उत्तर आहे. एवढेच मागतो की, उद्या अशी एखादी आई आपल्या दुकानाच्या पायरीवर आली, तर आपण पडद्याआड बसू नये. तिला आत बोलवावे, पाणी द्यावे, ज्यांचा माणूस गेला त्यांच्याही घरी जाऊन यावे, आणि हो किंवा नाही, जे काय असेल ते त्याच दिवशी सांगावे. पर्व चालू असले तर पर्वातच सांगावे.

त्या माऊलीची क्षमा मागण्यास मला उशीर झाला, आणि आता ती मागता येत नाही. म्हणून ती आपणा सर्वांसमक्ष मागतो आणि माझे दोन शब्द पुरे करतो.

जय जिनेंद्र!